“काही होत नाही” म्हणण्यापूर्वी



उद्या सकाळी ऑपरेशन. संमतीपत्रावर सही झाली आहे. अंगठी आणि गळ्यातला क्रूस काढून घरच्यांच्या हाती दिला आहे. अशा वेळी आपण खाटेशेजारी उभे राहून म्हणतो, “घाबरू नकोस, काही होत नाही.”

हे आपण प्रेमानेच म्हणतो. पण कोणासाठी? अनेकदा आजाऱ्याची भीती ऐकून घेण्याचे धाडस आपल्यातच नसते. मग घरचा कर्ता माणूस आपली भीती गिळतो आणि उलट आपल्यालाच धीर देत बसतो.

धीर देण्यासाठी खोटे बोलावे लागते का? १९६४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भूलतज्ज्ञांनी पोटाचे ऑपरेशन झालेल्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काहींना आदल्या रात्रीच आपुलकीने सांगितले होते की, शुद्धीवर आल्यावर दुखेल, अमुक ठिकाणी दुखेल आणि तेव्हा अंग सैल कसे सोडायचे. या रुग्णांना वेदनाशामक औषध इतरांच्या सुमारे निम्मेच लागले. खरे बोलल्याने ते खचले नाहीत, सावरले.

अर्थात, सगळे एका दमात सांगून टाकणे म्हणजेही प्रेम नव्हे. आजारी माणूस विचारील तेवढेच सांगावे, ठाऊक नसेल ते डॉक्टरांना विचारावे आणि बाकी वेळ त्याचे ऐकावे. गेथसेमनी बागेत प्रभू येशूने आपली व्याकुळता शिष्यांपासून लपवली नाही. त्याने त्यांच्याकडे उपदेश मागितला नाही. आपल्याबरोबर जागे राहा, एवढेच मागितले. तेवढेही त्यांना जमले नाही!

आपल्यातील कित्येकांना आजही वाटते, तैलाभ्यंगासाठी फादर आले म्हणजे सगळे संपले. वास्तविक १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी या संस्काराचा विधी नव्याने घालून दिला. तो केवळ मरणासन्नांसाठी नाही; गंभीर शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरताच फादरांना कळवू या.

आणि त्या रात्री खाटेशेजारी बसून एवढेच म्हणू या, “भीती वाटते ना? सांग. मी इथेच आहे. उद्या डोळे उघडशील तेव्हा बाहेरच असेन.” हे बोलणे आपल्याला पाळता येईल. ज्याचे वचन आपल्या हाती नाही, ते देवाच्या हाती सोपवू या.