शून्य जुळतंय का?

आटगाव स्टेशनापासून आत, एका पाड्यावर एक मुलगा राहत होता. रोज लोकलने आसनगाव आणि तिथून टमटमने शहापूर असं करत त्याने आयटीआयमधला फिटरचा दोन वर्षांचा कोर्स पुरा केला. मार्क चांगले मिळाले. मग तो घरी बसून वाट पाहू लागला.

एक दिवस निरोप आला. हायवेकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यायचे होते. मुलाखत आठ दिवसांनी होती.

मुलाने मोबाइलवर मुलाखतीचे प्रश्न शोधले. उत्तरंही तिथेच मिळाली. ती त्याने वहीत उतरवली आणि पाठ करायला घेतली. आई पाण्याला गेली की तो अंगणात येरझाऱ्या घालत स्वतःशीच बोलायचा. "स्वतःविषयी सांगा." "तुमची बलस्थानं कोणती?" दोन दिवसांत वही तोंडपाठ झाली.

पाड्याच्या टोकाला एक म्हातारा फिटर राहत असे. तानसाचं धरण 1892 साली पुरं झालं, तेव्हापासून तिथलं पाणी नळांनी मुंबईला जातं. त्या नळांवर म्हाताऱ्याने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. दोन फ्लँज समांतर नसतील तर मधे कितीही चांगलं गॅस्केट घाला, जोड पाझरणारच, हे तो डोळे मिटून सांगू शकत असे.

मुलगा त्याच्याकडे गेला. "आजोबा, मुलाखतीत काय काय विचारतात?"

"ते मला ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला. त्याने पत्र्याच्या पेटीतून व्हर्नियर काढला आणि एक लोखंडी पिन काढली. "हिचा व्यास सांग."

मुलाला हे फारच सोपं वाटलं. सरकत्या पट्टीवरच्या 50 रेघा मुख्य पट्टीवरच्या 49 मिलिमीटरांत बसवलेल्या असतात, म्हणून एका रेघेमागे 0.02 मिलिमीटरचा फरक धरायचा, हे त्याला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. त्याने पिन जबड्यांत धरली, रेघा पाहिल्या आणि सांगितलं, "20.06 मिलिमीटर."

"चूक," म्हातारा म्हणाला. "उद्या ये."

दुसऱ्या संध्याकाळी म्हाताऱ्याने एक नट दिला. मुलाने तीनदा मोजला. तिन्ही वेळा 18.46 आलं.

"चूक. उद्या ये."

तिसऱ्या दिवशी फ्लँजची जाडी मोजायची होती. तीही चुकली. मुलगा घरी गेला, आयटीआयचं पुस्तक उघडलं आणि कंदिलाशी बसून सगळं गणित पुन्हा केलं. गणितात चूक सापडली नाही.

चौथ्या दिवशी त्याचा संयम सुटला. "आजोबा, वाचायला मी चुकत नाहीये."

"वाचायला चुकत नाहीसच," म्हातारा म्हणाला.

मुलगा रागाने गप्प झाला. व्हर्नियर पेटीत ठेवावा म्हणून त्याने जबडे मिटले, आणि त्याचा हात थांबला. जबडे एकमेकांना टेकले होते, तरी शून्याच्या दोन रेघा समोरासमोर नव्हत्या. सरकत्या पट्टीचं शून्य जरासं पुढे होतं. त्याने व्हर्नियर उजेडात धरला. तिसरी रेघ जुळत होती. म्हणजे 0.06 मिलिमीटर. प्रत्येक माप तेवढंच जास्त येत होतं.

"हा पडला होता का कधी?"

"पडला होता. पट्टीचे बारीक स्क्रू ढिले झाले आणि पट्टी सरकली. मी ती तशीच राहू दिली."

"मग मला आधी सांगायचं ना!"

"कारखान्यात कोण सांगणार आहे तुला?" म्हातारा म्हणाला.

मुलाने तिन्ही मापांतून 0.06 वजा केले. पिन 20 ची निघाली, नट 18.40 चा. म्हाताऱ्याने मान हलवली. मग तो म्हणाला, "आता वहीचं एक कोरं पान काढ. दोन वर्षांत तू स्वतःच्या हाताने केलेलं काम एका बाजूला लिही. नुसतं पाहिलेलं काम मधे लिही. जे पाहिलंही नाहीस ते शेवटी."

मुलगा लिहायला बसला. पहिला रकाना भराभर भरला. कानस मारणं, हॅक्सॉने कापणं, ड्रिलिंग, टॅपने आतले आटे पाडणं, गुण्या लावून चौकोन तपासणं. मग हात अडखळू लागला. लेथवर त्याने साधं टर्निंग केलं होतं, पण आटे पाडताना फक्त पाहिलं होतं. ग्राइंडिंग मशीनजवळ तो उभा राहिला होता, इतकंच. शेवटच्या रकान्यात नावं वाढत गेली तसा त्याचा चेहरा उतरला.

"हे तर मुलाखतीत लपवावं लागेल," तो म्हणाला.

"हेच पान पाठ कर. अडखळता कामा नये," म्हातारा म्हणाला.

उरलेल्या संध्याकाळी मुलाने पहिला रकाना हाताखाली घेतला. भंगारातला एक तुकडा पकडीत घट्ट बसवायचा, कानस मारायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. म्हातारा ओसरीवर बसून फक्त कानशीचा आवाज ऐकायचा. पान मात्र रोज म्हणून घ्यायचा, तिन्ही रकाने, एका दमात.

मुलाखतीच्या आदल्या रात्री आईने शर्टाला इस्त्री करून आणली. मुलाने दहावीची मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र, आधार कार्ड, पासबुक आणि फोटो एका फाइलला लावले. कागद जागच्या जागी असणं हीसुद्धा तयारीच आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. ऐन वेळी एक झेरॉक्स राहिली म्हणून परत फिरलेली मुलं कमी नाहीत.

कारखान्यात आणखी तिघं आले होते. एक कसाऱ्याचा होता, एक वाशिंदचा आणि एक पहाटेच्या एसटीने निघालेला मुरबाडचा. जागा दोन होत्या. ज्या कारखान्यात 30 किंवा त्याहून जास्त माणसं असतात, त्याला कायद्याने शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण कोणाला घ्यायचं ते कारखाना ठरवतो.

फोरमन एकेकाला आत बोलावत होता. टेबलावर एक पिन होती आणि एक व्हर्नियर होता. प्रत्येकाला तो एकच सांगत होता, "हिचा व्यास सांगा."

पाड्यावरच्या मुलाची पाळी शेवटी आली. त्याने खिशातला रुमाल काढून जबडे पुसले. मग ते मिटले, उजेडाकडे धरले आणि पाहिलं. शून्य शून्याला जुळत होतं. मग त्याने पिन तीन ठिकाणी मोजली.

"25.02, सर."

फोरमनने ते लिहून घेतलं. "लेथवर आटे पाडले आहेत का?"

"पाहिलंय, सर. स्वतः केलेलं नाही."

"सर्फेस ग्राइंडर?"

"जवळून पाहिलाय. हात लावलेला नाही."

"मग येतं काय तुम्हाला?"

मुलाने पहिला रकाना सांगितला. फोरमनने त्याच्या हातात कानस दिली आणि लोखंडाचा एक तुकडा दिला. मुलाने मागितला फक्त गुण्या.

तासाभराने फोरमन बाहेर आला. त्याने पाड्यावरच्या मुलाचं नाव घेतलं आणि मुरबाडच्या मुलाचं घेतलं. मुरबाडच्या मुलाचा हात चांगला होता. कसाऱ्याच्या मुलाला मात्र राहवलं नाही. "सर, माझं माप चुकलं का?"

"नाही," फोरमन म्हणाला. "चौघांचंही 25.02 आलं. व्हर्नियर नवा आहे, त्यात खोट नाही. पण तो नवा आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मोजायच्या आधी जबडे मिटून एकानेच पाहिले. इथे एका खेपेला दोनशे नग निघतात. हत्यार चुकलेलं असलं तर दोनशेच्या दोनशे भंगारात जातात, आणि मोजणारा शपथेवर सांगतो की मी बरोबर वाचलं होतं."

मग तो मुरबाडच्या मुलाकडे वळला. "तुम्हीही मिटून पाहिले नाहीत. ते उद्यापासून यांच्याकडून शिका."

संध्याकाळी मुलगा पेढे घेऊन म्हाताऱ्याकडे गेला आणि घडलं ते सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने अर्धा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "जगाचं माप घेण्याआधी आपलं शून्य तपासावं. हत्याराचं आणि स्वतःचंही."

वर्षभराच्या करारावर सही झाली. सोमवारी मुलगा कामावर गेला. फोरमनने त्याचं पान लक्षात ठेवलं होतं. त्याने मुलाला कानशीच्या टेबलापाशी नेलंच नाही, सरळ लेथवर नेलं आणि एका जुन्या टर्नरच्या शेजारी उभं केलं. "याने आटे कधी पाडलेले नाहीत," तो टर्नरला म्हणाला. "पहिल्यापासून दाखवा."

टर्नरने पहिल्यापासून दाखवलं. दुपारपर्यंत मुलाने दोन बोल्ट बिघडवले. तिसऱ्यावर नट शेवटपर्यंत फिरला.