सुरतेचा पांजरपोळ आणि प्रयोगशाळेतील उंदीर

सुरत म्हटले की आमच्या वाचकांना घारी आणि जर आठवते. पण तेथील पांजरपोळाची कीर्तीही जुनी आहे. अठराव्या शतकात हिंदुस्थानात असलेल्या जेम्स फोर्ब्स या इंग्रजाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. थकलेली गुरे, घोडे तेथे सांभाळीत, इतकेच नव्हे तर उंदीर व ढेकूण यांचीही सोय होती. ढेकणांना रक्त मिळावे म्हणून भिकाऱ्यांना पैसे देऊन रात्रभर तेथे निजवीत! हे वाचून आम्ही प्रथम हसलो, मग त्या भिकाऱ्यांचा विचार मनात आला.

आता दुसरे टोक पाहा. मानवी पेशींपासून वाढविलेले, वाढत्या मेंदूसारखे बारीक गोळे अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात प्रौढ उंदरांच्या मेंदूत बसविण्यात आले. हे काम 2023 साली प्रसिद्ध झाले. त्या उंदरांच्या मेंदूतील दृष्टीचा भाग आधी मुद्दाम जखमी केलेला होता. पुढे उंदरासमोर दिवा लुकलुकला की यांतील काही मानवी पेशी प्रतिसाद देऊ लागल्या. असे प्रयत्न नवे नाहीत. 1890 साली थॉम्प्सन यांनी मांजराच्या मेंदूचा तुकडा कुत्र्याच्या मेंदूत घातला होता. 1979 साली उंदराच्या भ्रूणातील पेशी प्रौढ उंदरांत घातल्यावर त्यांच्या हालचालींतील दोष कमी झाला, आणि कंपवाताच्या रोग्यांना आशा वाटू लागली.

उंदीर माणूस होईल काय, असे लोक विचारतात. मूठभर पेशींनी तसे होत नाही. पण या प्रश्नातच एक चूक दडली आहे, असे आम्हांस वाटते. उंदीर माणसासारखा झाला तरच त्याचे काही देणे लागतो, असे आपण गृहीत धरतो. निनवेवर दया करताना देवाने गुरेढोरेही मोजली. ती माणसासारखी आहेत काय, हे विचारले नाही.

आपल्या 1960 च्या कायद्याप्रमाणे प्रयोगात शक्यतो भूल द्यावी लागते, आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये असेही तो सांगतो. म्हणजे भार पुन्हा उंदरावरच!

तरीही प्रयोग बंद करा, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. आमच्या परिचयाचे एक वृद्ध संडेस्कूल शिक्षक कंपवातामुळे प्रभुभोजनाचा प्याला स्वतः धरू शकत नाहीत. हे सारे आम्ही त्यांना वाचून दाखविले. "उंदराला दुखले असेल का हो?" त्यांनी विचारले. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देतात, असे आम्ही सांगितले.

"आणि नंतर?" ते म्हणाले.