छायाचित्राची टिप्पणी

वन्य प्राण्याचे एखादे उत्कृष्ट छायाचित्र समोर आले म्हणजे दोन प्रश्न ठरलेले असतात. जाणकार विचारतो, ‘शटरचा वेग किती, लेन्स कोणती?’ सामान्य रसिक विचारतो, ‘हे तुम्हांला साधले कसे?’ पहिला प्रश्न कसबाचा आणि दुसरा कुतूहलाचा, असे आपण समजतो. वस्तुतः दोन्ही प्रश्न नीतीचे आहेत. ‘रानात हे असे घडले,’ असे चित्र सांगत असते. आणि सांगणाऱ्याने आपल्या सांगण्याचा आधार द्यावयास हवा.

संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन रानातील पायवाटेवर तार ताणून ठेवीत. रात्री वाघाचा पाय तिला लागला की प्रकाशाचा लोळ उठे आणि वाघ स्वतःच आपले चित्र काढून जाई. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या ग्रंथात त्यांनी ही युक्ती उघड सांगितली. तिने चित्रांचे तेज उणावले नाही. हा वाघ मोकळ्या रानातला आहे, ही खात्री वाचकाला तिच्यामुळेच पटली.

याउलट लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेचे पाहा. २००९ साली सर्वश्रेष्ठ ठरलेले, फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे चित्र जानेवारी २०१० मध्ये बाद झाले. लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असे परीक्षकांचे मत पडले. ब्राझीलमधील चमकत्या वारुळापाशी उभ्या असलेल्या मुंगीखाऊच्या चित्राचे पारितोषिकही २०१८ मध्ये काढून घेण्यात आले. तो प्राणी पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. चित्रांतील एक रेषाही बदललेली नव्हती, तरी ती पाहवेनाशी झाली. आपण दाद दिली होती ती एका खऱ्या भेटीला, आणि ती भेटच संशयास्पद ठरली.

आकड्यांची साक्ष अशा वेळी अपुरी पडते. सहाशे मिलिमीटरची लेन्स म्हटली म्हणजे छायाचित्रकार पाखरापासून दूर राहिला असावा, एवढे कळते. घरट्यावरची आडोशाची फांदी छाटली होती काय, पिले उन्हात आणि कावळ्यांच्या दृष्टीला उघडी पडली काय, हे कोणताही आकडा सांगत नाही. ते माणसानेच सांगावयाचे असते.

मग सर्वच सांगावे काय? खरा पेच येथे आहे. डिजिटल चित्रासोबत वेळेप्रमाणेच, तशी सोय चालू असल्यास, स्थळाचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. रसिकाच्या दृष्टीने तो पुरावा. चोरट्या शिकाऱ्याच्या हाती मात्र ती आयती वाट. गोपनीय नस्ती आणि खोटी नस्ती यांतील अंतर कचेरीत वावरणाऱ्यांना निराळे समजावयास नको. स्वतःचे कृत्य झाकणारे मौन ही लबाडी; दुसऱ्याचा जीव झाकणारे मौन हे कर्तव्य. ‘स्थळ हेतुपुरस्सर दिलेले नाही,’ एवढे लिहिले की ते मौनही प्रामाणिक होते.

छायाचित्रकार रसिकाचा ऋणी खराच. पण त्याआधी तो त्या मुक्या जिवाचा ऋणी आहे, कारण त्याची संमती कोणी विचारलेली नसते. म्हणून पद्धत सांगावी, अंतर सांगावे, आमिष ठेवले असल्यास तेही सांगावे. घरट्याचा पत्ता मात्र आपल्यापाशीच ठेवावा.