विमान उभं हाय ना?

"गेलं का इमान?" काकीने काउंटरवरच्या मुलीला विचारले.
"नाही आजी, अजून उभं आहे."
"उभं हाय ना? मग?"

या 'मग'ला त्या मुलीकडे उत्तर नव्हते, आणि त्या क्षणी माझ्याकडेही नव्हते. घड्याळात दहा सव्वीस झाले होते. विमान अकरा वीसचे. सामान घेणारा काउंटर साठ मिनिटे आधी, म्हणजे दहा वीसला बंद झालेला. सहा मिनिटे उशीर.

चूक माझी होती. आमच्या जासईहून नवी मुंबईचा नवा विमानतळ हाकेच्या अंतरावर. पूर्वी सांताक्रूझला जायचे तर आम्ही पहाटेच्या विमानासाठी रात्रीच घर सोडायचो. २५ डिसेंबर २०२५ला इथून विमाने उडू लागली आणि आमच्या मनातले अंतर एकदम पुसले गेले. साडेनऊला निघू, पंधरा-वीस मिनिटांत पोहोचू, असे मीच काकीला सांगितले होते. गव्हाण फाट्याच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा बंद पडला होता आणि त्याच्यामागे कंटेनरच्या गाड्यांची रांग. या रस्त्यावर रोज जाणाऱ्या माणसाला हे नवीन नाही. तरीही मी ते धरून चाललो नव्हतो. लांबचा माणूस वाटेतल्या अडचणींचा वेळ हाताशी ठेवून निघतो. जवळच्याला वाटते, आपण पोहोचलेलेच आहोत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकीच्या लेकीकडे नातवाचे बारसे होते. बॅगेत डिंकाचे लाडू, कुंची, चांदीचे वाळे आणि जावयासाठी सोडे. वजन तेरा किलो. हातात सात किलोच नेता येत असल्यामुळे ती विमानाच्या पोटात टाकणे भाग होते. मोबाइलवर चेक-इन मी आदल्या दिवशीच केले होते, आणि तेवढ्याने काम झाले असे धरून बसलो होतो. बोर्डिंग पास हातात असला तरी बॅग वेळेत स्वीकारली जावी लागते, ही साधी गोष्ट मी वाचलीच नव्हती. काउंटरवरच्या मुलीने मार्गही सुचवला होता: बॅग घरच्या कोणाकडे सोपवा आणि तुम्ही दोघे लगेच सुरक्षा तपासणीकडे पळा, गेट पंचवीस मिनिटे आधी बंद होते. आम्ही पळालो नाही. विनवण्या केल्या, वरिष्ठांना बोलवा म्हणालो, बारशाचे सांगितले. त्या हुज्जतीत वेळ गेला आणि उघडे असलेले दारही मिटले. लाडवांतले चार आणि वाळे पदराला बांधून काकी चालू शकली असती. आजही मला तेच जास्त लागते.

मोठ्या कंपनीचे विमान चुकले तर निदान संध्याकाळचे असते. आमचे विमान छोट्या कंपनीचे; तिचे तसे नाही. तिच्याकडे विमाने मोजकी. गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४मध्ये सुरू झाली ती एटीआर विमानांवर, सत्तरेक आसनांची. स्टार एअरचे एम्ब्रेअर ७६ जणांचे, त्याहून लहान आहे ते पन्नास जणांचे. 'उडान' योजनेतले देशातले पहिले विमान २७ एप्रिल २०१७ला शिमल्याहून दिल्लीला गेले, तेव्हापासून नांदेड, जळगाव, कोल्हापूर, सोलापूर, चिपी अशी नावे विमानांच्या वेळापत्रकात येत-जात राहिली आहेत. यातल्या काही मार्गांवर विमान रोज नसते, आठवड्यातले वार ठरलेले असतात. आमचे पुढचे विमान दोन दिवसांनी होते. गुडघे धरून रात्रभर आरक्षणाशिवाय रेल्वेने जाणे काकीला झेपणारे नव्हते. बारसे तिच्याशिवाय झाले.

अशा कंपनीचे एकच विमान दिवसभर एका गावातून दुसऱ्या गावात उड्या मारत फिरते. उतरले की अर्ध्या तासात पुन्हा निघायचे. सकाळच्या गावात दहा मिनिटे सांडली तर ती दुपारच्या गावाला भरावी लागतात, आणि लहान विमानतळांच्या तर उघडण्या-मिटण्याच्याही वेळा ठरलेल्या असतात. म्हणजे माझ्या सहा मिनिटांसाठी थांबलेले विमान संध्याकाळी दूरच्या कुठल्यातरी गावात उतरूच शकले नसते, असेही झाले असते. तिथेही कोणाची आई कोणाच्या बारशाला निघालेली असणार.

पण काकीच्या 'मग'चे खरे उत्तर वेगळेच आहे, आणि ते मला घरी आल्यावर तिच्याच भाषेत सापडले. काकीचे माहेर खाडीकाठचे. लहानपणी ती होडीतून मिठागरावर जायची. होडीत कोण कुठे बसायचे हे होडी चालवणारा तांडेल सांगायचा. दोन जाड माणसे एका बाजूला नकोत, टोपल्या मध्ये, पोरे खाली. सगळे बसले, भार तोलला, की होडी सुटायची. मग धक्क्यावरून कोणी हाक मारली तरी तांडेल वळायचा नाही. सुकती लागली की खाडीत पाणी राहत नाही आणि होडी चिखलात रुतते, हे काकीला कोणी शिकवावे लागले नव्हते. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचच्या वेळा आजही ओहोटी पाहूनच हलतात.

विमानाचेही तेच आहे. काउंटर मिटल्यावर त्या साठ मिनिटांत बसून राहत कोणी नाही. माणसे किती, पोरे किती, बॅगा किती आणि कोणत्या कप्प्यात, इंधन किती, याची मांडणी करून एक कागद तयार होतो. त्याला लोडशीट म्हणतात. विमानाचा भार नेमका कुठे येतो आहे हे त्यावरून वैमानिकाला कळते आणि त्याप्रमाणे तो उड्डाणाची तयारी करतो. शंभर-दोनशे माणसांच्या विमानात दोन बॅगा इकडच्या तिकडे झाल्या तर फारसे बिघडत नाही. सत्तर जणांच्या विमानात पाच-सहा माणसे पुढच्या रांगांत गोळा झाली तरी हिशेब हलतो. म्हणून तर काही वेळा जागा मोकळ्या असूनही 'तुम्ही मागे बसा' असे सांगतात. शिवाय प्रत्येक बॅग तपासणीतून जाऊन गाडीवर चढून विमानापाशी जायची असते. विमान उभे असते ते आपली वाट पाहत नव्हे. ते तोलले जात असते.

एसटीची गोष्ट निराळी. आमच्या उरण–पनवेल गाडीमागे धावणारा माणूस दिसला की कंडक्टर एकदा घंटी मारतो, ड्रायव्हर ब्रेक लावतो, आणि आतले लोक हात देऊन त्याला ओढून घेतात. ती माया मला प्रिय आहे. तीच माया मी काउंटरवर मागत होतो. एसटीत ती शोभते, कारण तिथे एकाला घेतल्याने दुसऱ्याचा तोल जात नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. वेळेचा नियम एकाच बाजूला बांधून चालत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम सांगतात की लहान पल्ल्याच्या विमानाला दोन तास उशीर झाला तर वेळेत आलेल्या प्रवाशाला खाणेपिणे द्यायचे. विमान रद्द झाले तर दुसरे विमान किंवा पैसे परत. हे हक्क वेळेत पोहोचलेल्याचेच शाबूत राहतात. ज्याचे चुकले त्याचे भाडे जाते, पण तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क त्यालाही परत मिळायचे असतात, 'परतावा नाही' असे तिकिटावर छापलेले असले तरी. हे फार थोड्यांना माहीत असते, म्हणून मागत कोणी नाही. आम्ही अर्ज केला. रक्कम मोठी नव्हती, पण ती आमची होती.

आणि वेळेचा नियम दोन्ही बाजूंना हवा, हे म्हणायचा अधिकार जासईच्या माणसाला जरा जास्तच आहे. शेतकऱ्यांच्या जमिनीच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील इथलेच. याच परिसरात १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिलेल्यांवर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. त्यांच्या रक्तातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. इथल्या बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या हातात त्या भूखंडांची इरादापत्रे पडायला २०१४चा ऑगस्ट उजाडला. तीस वर्षे. इतकी वर्षे कोणत्याही खिडकीवर कोणी सांगितले नाही, की ठरलेली वेळ टळली, आता जबाबदारी आमची. काकीचा सासरा वाट पाहूनच गेला. म्हणून ती 'मग?' म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात फक्त त्या दिवसाचे विमान नव्हते. ज्या घराने एवढी वर्षे थांबून काढली, त्याच्यासाठी कोणी सहा मिनिटे थांबू नये, हे तिला उमगत नव्हते. त्या मुलीला हे कळण्याचे कारण नाही. मला कळायला हवे होते, आणि मी दहा मिनिटे आधी निघायला हवे होते.

दोन दिवसांनी काकी पहाटे पाचला अंघोळ करून ओट्यावर बसली. लुगडे नवे, बॅगेच्या मुठीला ओळखीसाठी लाल चिंधी बांधलेली. सातला निघालो. रस्ता मोकळा होता, काउंटर अजून उघडलाही नव्हता. बॅग पट्ट्यावरून पडदा ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत काकी तिच्याकडे पाहत राहिली.

विमानात आमच्या जागा दुसऱ्या रांगेत होत्या. बसून दोन मिनिटे झाली नाहीत तोच हवाई सुंदरी आली आणि पुढच्या चौघांनी कृपया मागच्या रांगांत बसावे, असे म्हणाली. एक गृहस्थ कुरकुरले, खिडकीचे पैसे भरलेत म्हणाले. काकी मात्र केव्हाच उठली होती.

"ऊठ," ती मला म्हणाली, "तांडेल सांगतो तिथं बसावं."

मागे गेल्यावर खिडकीतून बॅगांची गाडी दिसत होती. तिने कपाळ काचेला टेकवले आणि लाल चिंधी शोधू लागली.