जेमी आठवतो. केटी?

२०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'अ‍ॅडोलसन्स' ज्यांनी पाहिली, त्यांना जेमी मिलर विसरता येत नाही. पोलीस दार फोडून घरात शिरतात तेव्हा भीतीने पँट ओली करणारा तेरा वर्षांचा पोरगा. तिसऱ्या भागात मानसतज्ज्ञ बाईंशी गोड बोलता बोलता एकदम त्यांच्यावर ओरडणारा. आपण कुरूप आहोत हे पक्कं धरून चाललेला.

आता केटी आठवून बघा. जिचा खून झाला ती. ती हसायची कशी? घरी कोण कोण होतं तिच्या?

आठवणार नाही, कारण दाखवलेलंच नाही. सीसीटीव्हीतली धूसर आकृती आणि काही फोटो, एवढीच ती आपल्या वाट्याला येते. दुसऱ्या भागात तपास करणारी मिशा फ्रँक हे बोलूनही दाखवते: लोकांच्या लक्षात जेमीच राहणार. म्हणजे जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम या लेखकांना ते ठाऊक होतं. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय. कॅमेरा एका वेळी एकाच्याच मागे जाऊ शकतो. आपली करुणाही बहुधा तशीच चालते. ज्याच्यासोबत तासभर बसलो, तो आपला वाटायला लागतो.

जेमीला समजून घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण 'बिचारा, एकटा पडलेला मुलगा' म्हणताना आपण एक तपशील सोयीने गाळतो. केटीचा उघडा फोटो मुलांमध्ये फिरला होता. तिची टिंगल चालली होती. आता ती खचली असेल, हो म्हणेल, असा हिशेब करून जेमीने तिला जत्रेला येतेस का विचारलं. हे तोच सांगतो! तिने नकार दिला. इन्स्टाग्रामवर इमोजींतून त्याला टोमणेही मारले. टोमणे वाईटच. पण त्या दिवसांत त्या शाळेत सगळ्यात एकटं कोण होतं?

माझ्या ओळखीत या मालिकेवर भरपूर बोलणं झालं. मुलांना फोन द्यावा का, किती वाजेपर्यंत द्यावा. तो फोटो पुढे ढकलणाऱ्यांचा विषय कुणी काढला नाही.

केटीची मैत्रीण जेड मोजक्याच प्रसंगांत दिसते. चिडलेली, शाळेच्या आवारात एका मुलावर तुटून पडणारी, मोठ्यांशी धड न बोलणारी. तिची एकुलती एक मैत्रीण गेलीय. तेरा महिन्यांनंतरच्या शेवटच्या भागात जेमीच्या बापाचा वाढदिवस आहे, आई आहे, बहीण आहे. जेड त्यात नाही.