कुणाचं देणं आधी?

डोक्यावर दोघांचं देणं असलं आणि हातात एकाचंच भागेल एवढा पैसा आला, तर तो आधी कुणाला द्यावा? चावडीवर विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतील. कुणी म्हणेल ज्याचं व्याज जास्त त्याला. कुणी म्हणेल ज्याच्याकडं कागद आहे त्याला. मीही एके काळी असंच एक उत्तर धरून चाललो होतो. ते चुकलं. कसं चुकलं, ते सांगतो.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. अशा मुलखाला डाळिंबानं उभं केलं, हे खोटं नाही. कमी पाण्यावर येणारं झाड. शेजारच्यांची पत्र्याची घरं स्लॅबची झालेली बघून मीही २००९ साली तीन एकरांत भगवा लावला. विकास सोसायटीचं नव्वद हजार कर्ज काढलं. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, म्हणून बोअर घ्यायचं ठरलं आणि त्याला वीस हजार कमी पडले. ते आत्यानं दिले.

आत्या म्हणजे गावनात्यानं आत्या. माझ्या वडिलांना राखी बांधायची. नवरा लवकर गेलेला, मुलगाही गेलेला, घरात सून आणि एक नातू. शेळ्यांवर संसार. घरावर नवे पत्रे टाकायचे म्हणून तिनं बोकडं विकून वीस हजार साठवले होते. मी मागितलेही नव्हते. बोअरच्या गाडीवाल्याशी माझं बोलणं तिनं ऐकलं आणि संध्याकाळी पदराच्या गाठीतून नोटा काढून माझ्या बायकोच्या हातात दिल्या. मी म्हटलं, "आत्या, कागद करू." ती म्हणाली, "कागद काय चाटायचाय का मला? तुझ्या सवडीनं दे, बाळा."

बोअरला पाणी लागलं. पण २०११ च्या पावसाळ्यात बागेवर तेल्या आला. तेल्या ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. आधी फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग. मग तो काळा होतो, फळ चरचर तडकतं. आठ दिवसांत सगळी बाग जमिनीवर. फवारण्यांनी उधारी वाढली, रोग हटला नाही. पुढच्या साली पाऊसच झाला नाही. २०१२-१३ चा तो दुष्काळ. जनावरं चारा छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत. उरलेली झाडं मी माझ्या हातानं उपटली आणि बांधावर रचून पेटवली.

बाग लावण्यापूर्वी मी डाळिंबाची गुटी कलमं बांधायला शिकलो होतो. त्यातली दोन-चार रोपं मागं पंढरपूरला एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर दिली होती. त्याचे थोडे पैसे राहिले होते, म्हणून जानेवारीत गेलो. बाई आत गेल्या तेवढ्यात माझी नजर त्यांच्या गुलाबावर गेली. कलमाच्या खालून रानटी फुटवा निघून डोक्याएवढा वाढला होता आणि वरचं चांगलं झाड वाळत चाललं होतं. खिशात कात्री होतीच. फुटवा बुडातून काढला. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, तेच तर जोरात वाढत होतं!" मी म्हटलं, "बाई, जोरात वाढतंय ते तुमचं नाही." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दर आठवड्याला याल का?"

महिन्याचे आठशे रुपये ठरले. वर्षभरात असे पाच बंगले झाले. आठवड्यातून दोन दिवस पहाटेची एस्टी धरायची. कुंड्यांची माती बदलायची, शेणखत-निंबोळी पेंड घालायची, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण धुवून काढायचा, मेंदीचं कुंपण एका उंचीला कापायचं, लॉनमधलं तण काढायचं. काम अवघड नव्हतं, लाज अवघड होती. गावातला एक जण त्या रस्त्यानं गेला, तर मी कुंडीमागं खाली बसलो होतो. तीन एकरांचा बागायतदार दुसऱ्याच्या कुंड्या भरतो, हे त्यानं गावात सांगू नये म्हणून. त्यानं सांगितलंच. एका बंगल्यावर लॉनला टँकरचं पाणी होतं. हातात नळी धरून मी ते गवतावर सोडायचो, आणि माझी दावणीची बैलं छावणीत ओल्या चाऱ्याच्या एका पेंढीची वाट बघत असायची. त्या दिवसांत मी बंगल्यावरचा चहा घेत नसे. का, ते मालकांना कधी सांगितलं नाही.

भाडंतोडं जाऊन महिन्याला तीन-साडेतीन हजार हातात पडत. हा पैसा शेतीच्या पैशासारखा नव्हता. शेतमालाचा पैसा आपला नसतोच. आडतीत उचल कापून घेतात, दुकानदार उधारी कापून घेतो, उरलेलं घरी येतं तेव्हा त्याच्यावर आधीच कुणाचं तरी नाव असतं. पण हा पैसा रोख, माझ्या खिशात आणि बिननावाचा. कुणाला द्यायचा ते ठरवणारा मी एकटा. म्हणूनच पुढं जे झालं त्याचं खापर मला पावसावर किंवा तेल्यावर फोडता येत नाही.

मी तो सोसायटीला द्यायला लागलो. का? मला वाटायचं, मी शहाणपणानं देतोय. सोसायटीचं व्याज चढत होतं. सातबाऱ्यावर बोजा होता. थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव होतं. सचिव दर मार्चच्या तोंडावर दोन माणसं घेऊन दारात यायचे, आणि शेजारचा आपला दरवाजा अर्धा उघडून ऐकायचा. आत्याचं काय, ती थोडीच मागतेय? भेटली की म्हणायची, "झालं का रे पेरणीचं?" पैशाचा शब्द नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मी असा लावला की तिला गरज नाही.

अशी दोन वर्षं गेली. सत्तर हजारांच्या वर मी सोसायटीत भरले. प्रत्येक पावती घडी घालून पोथीत ठेवायचो.

२०१५ च्या जानेवारीत पंढरपुरात एका टायरच्या दुकानापुढं आत्याचा नातू दिसला. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. मी विचारलं, "अरे, तुझा तर डिप्लोमाला नंबर लागला होता ना?" तो खाली बघत म्हणाला, "लागला होता तात्या. बारा हजार भरायचे होते. न्हाय भरले." मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "मी आजीला म्हणलं होतं. ती म्हणली, तात्याला आदीच बँकेचा तगादा हाय, बिचारा लोकांच्या बंगल्यावर राबतोय. त्याला आपण आनिक कशापायी बोलायचं?"

त्या दिवशी माझ्या खिशात दोन बंगल्यांचे सोळाशे रुपये होते. मी एस्टीत बसलो. तिकीट काढताना त्या नोटांना हात लावावा वाटेना.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "अहो, मी दोन वर्षं म्हणतेय, निम्मं निम्मं करा. तुम्ही म्हणायचा, ती मागत न्हाय. जे मागत न्हाईत त्यांचं काय खोटं असतंय व्हय?"

दुसऱ्या महिन्यापासून सोसायटीचे पैसे थांबवले. सचिवांना जाऊन सांगितलं, सहा महिने काही मिळणार नाही. ते म्हणाले, "व्याज पडेल." मी म्हटलं, "पडू द्या." जुलैपर्यंत आत्याचे वीस हजार पुरे केले. वर व्याजाचे म्हणून दोन हजार ठेवले, तर तिनं ते परत माझ्या खिशात कोंबले. म्हणाली, "मी काय सावकार हाय?" मग मी शेळीचं एक करडू नेऊन बांधलं. ते तिनं ठेवून घेतलं. पण नातवाचं वर्ष गेलं ते गेलं. एकदा हाताला मजुरी लागली की पोरगं शाळेकडं फिरत नाही. तो फिरला नाही.

पुढं मी पुन्हा सोसायटीकडं वळलो आणि मार्च २०१७ ला शेवटची रक्कम भरली. सगळे मिळून एक लाख एकतीस हजार गेले. बेबाकी दाखला घेतला. आणि त्याच जूनमध्ये सरकारनं कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखापर्यंतच्या थकबाकीची. गावात पेढे वाटले. नियमित भरणाऱ्यांनाही बक्षीस म्हणून काही रक्कम ठरली. मी दोन्हीत बसलो नाही. थकबाकीदार राहिलो नव्हतो आणि नियमितही कधी नव्हतो. पारावर एक जण म्हणाला, "तात्या, चार वर्षं कुंड्या भरल्यास, त्यापेक्षा झोपून राहिला असतास तर बरं." सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप आली नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतोय. मी मूर्ख ठरलो का? कर्जमाफी घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यातल्या कितीकांकडं भरायला खरंच नव्हतं, आणि ज्याच्या डोक्यावरचा फास सुटला तो सुटला. माझंही वर्ष-दोन वर्षं तसंच गेलं असतं, तर मीही रांगेत उभा राहिलो असतो. पण मला त्या रात्री दुसरंच कळलं. मी चार वर्षं ज्या देण्याला भिऊन पळत होतो, ते देणं माफ होऊ शकत होतं. सरकार मनात आणील तर सोसायटीचा बोजा एका कागदानं उतरतो. आत्याचे वीस हजार माफ करणारं सरकार कुठं आहे? हातउसन्या पैशाची कर्जमाफी कुणी जाहीर करूही नये. ज्याचं देणं बुडलं तरी संस्था उभी राहणार होती, त्याला मी आधी दिलं. ज्याचं थांबलं म्हणून एका घरातलं पोर शाळेतून उठलं, त्याला मी थांबवलं. कारण एकच. एक जण दारात येऊन ओरडत होता आणि दुसरी गप्प होती.

आमच्या शेजारी मंगळवेढा. दामाजीपंतांची गोष्ट आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांना उघडली, आणि मग विठोबा गावकामगाराच्या रूपात बेदरला जाऊन ते पैसे भरून आला. लहानपणी मला त्यात देवाचा चमत्कार दिसायचा. आता दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे देवानंसुद्धा माफी मागितली नाही, मोजून दिलं आणि पावती घेतली. आणि दुसरी म्हणजे दामाजीपंतांच्या दारात दोन देणी उभी होती. बादशहाचं देणं मागणारं होतं, त्याच्यामागं फौज होती. भुकेल्यांचं देणं मागायलाही उभं राहू शकत नव्हतं. त्यांनी भुकेल्यांचं आधी दिलं. बादशहाचं मागाहून बघू म्हणाले.

मी दामाजीपंत नाही. नोटीस आली की आजही माझ्या पोटात गोळा येतो. जमीन गेली तर पुढं काय, ही भीती खोटी नसते. म्हणून संस्थेचं देणं बुडवा, असं मी कुणाला सांगणार नाही. मी फक्त एवढं सांगतो, की देण्यांचा क्रम तगाद्यावरून लावू नये. पैसा हातात आला की आधी स्वतःला विचारावं, जो मागत नाही त्याच्या घरात आज काय अडलंय? आणि विचारून थांबू नये, जाऊन बघून यावं. आत्याचं घर माझ्या घरापासून शंभर पावलांवर होतं. दोन वर्षांत मी ती शंभर पावलं चाललो नाही. पंढरपूरला मात्र आठवड्यातून दोनदा जात होतो.

आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत तिनं तो विषय काढला नाही. नातवानं आता स्वतःचं टायरचं दुकान टाकलंय, बरं चाललंय. लोक म्हणतात, शिकून तरी काय केलं असतं? मला तसं म्हणायचा अधिकार नाही. मागं एकदा माझ्या सायकलीचं पंक्चर काढलं आणि पैसे घेईना. मी जबरदस्तीनं दिले. तो म्हणाला, "राहू दे की तात्या, सवडीनं द्या." आजीचाच शब्द त्याच्या तोंडात होता. मी म्हटलं, "नको. आत्ताच घे."

डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर मी अजून जातो. बाकीचे गुडघ्यांमुळं सोडले. तिथले पैसे आले की बायको ते दिव्यापाशी ठेवते आणि विचारते, "कुणाचं हाय का काय?" सोसायटीचा बेबाकी दाखला पोथीत आहे. आत्याकडून तसा कागद घ्यायचा राहिला. ती हयात असती तरी तिनं दिला नसता. म्हणाली असती, चाटायचाय का?