डाव कोणाचा, नियम कोणाचा?

बलिप्रतिपदेला आपल्याकडे आणखी एक जुने नाव आहे : द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकर आणि पार्वती सारीपाट खेळावयास बसली, पार्वती जिंकली आणि भोळे शंकर सर्वस्व हरून उठले, अशी कथा सांगतात. म्हणून पाडव्याला घटकाभर तरी खेळावे, असा संकेत पडला. आता सारीपाट बहुतेक घरांतून माळ्यावर गेला आहे. त्याची जागा पत्त्यांनी घेतली. फराळाची ताटे उचलली गेली की सतरंजी पसरली जाते, आजोबा चश्मा पुसतात, आणि झब्बू की बदाम सात, यावर पहिला वाद सुरू होतो.

दुसरा वाद याहून गंभीर असतो. मुंबईहून आलेला मावसभाऊ पहिल्याच हाताला म्हणतो, “आमच्याकडे असे नाही खेळत!” त्याच्या घरी एका रंगाची दोन पाने एकदम देता येतात, आपल्या घरी नाही. मग “खरा” नियम कोणता, याचा शोध सुरू होतो. मौज अशी की, असा खरा नियम कोठेच लिहिलेला नसतो. तरीही सगळे त्याच्यासाठी पोटतिडकीने भांडतात.

हे भांडण मला पोरकट वाटत नाही. खेळाचा नियम हा माणसानेच केलेला, म्हणजे माणसाला बदलता येणारा. सूर्य पूर्वेला उगवतो, तसा हत्ती सरळच चालावा असे काही सृष्टीत लिहिलेले नाही. मग बदलता येणारी ही गोष्ट आपण इतक्या निष्ठेने का पाळतो? आणि ती बदलावयाचीच झाली, तर कोणी बदलावी, केव्हा बदलावी आणि कोणासाठी?

बुद्धिबळाचेच पाहा. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे बुद्धिबळ ओट्यावर बसून खेळले, ते आजचे नव्हे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजाला एकदाच, तेही शह बसण्यापूर्वी, घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. किल्लेकोट नव्हता. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे वाटेल तो मोहरा होत नसे. ज्याच्या घरात पोचले, त्याचेच रूप त्याला मिळे. त्या खेळाची चाल संथ होती, आणि तिच्यात मुरलेले लोक अंगणातल्या झाडासारखे होते, वर्षानुवर्षांच्या सावकाशीने वाढलेले. पुढे परदेशी नियम आले. 1955 साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले, तेव्हा देशी डावाचे दिवस संपत आल्यासारखेच होते.

या बदलाचा जमाखर्च मांडला तर काय दिसते? पंजाबातला मीर सुलतान खान देशी पद्धतीवर वाढलेला. तो 1929 साली विलायतेला गेला, नव्या नियमांना सरावला, आणि 1929, 1932 व 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे घेऊन आला. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही याच नियमांनी. जगाशी खेळावयाचे तर जगाचा पट मांडावा लागतो, हे खरे. पण प्रत्येक ओट्यावर सुलतान खान नव्हता. चाळीस वर्षे एका वळणाने विचार करून पिकलेली कितीतरी डोकी त्या बदलात मुकाट्याने बाजूस पडली. त्यांना कोणी हरवले नाही. त्यांचा डावच उचलून नेला.

नियम बदलतो तेव्हा असे होते. हरणाऱ्याला पुन्हा खेळता येते. परंतु ज्याची विद्याच कालबाह्य ठरली, त्याने कोणाशी खेळावे?

मैदानावर हीच गोष्ट वेगळ्या रूपाने दिसते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोला नियमांत बसवले, त्याआधी गावोगावचा खो-खो निराळा होता. कबड्डीच्या तर तीन तऱ्हा होत्या. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही, गुण तेवढा लिहिला जाई. ‘गामिनी’मध्ये बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. ‘संजीवनी’मध्ये समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होई. आज रूढ झाली ती संजीवनी, आणि मला त्यात मोठे शहाणपण दिसते. बाहेर बसलेल्यालाही आशा असावी, हे त्या नियमाने मान्य केले. 2014 मध्ये व्यावसायिक कबड्डीचे दूरदर्शनी युग सुरू झाले आणि चढाई तीस सेकंदांवर आली. 2022 साली पुण्यात खो-खोची तशीच व्यावसायिक स्पर्धा झाली. तिथे तर ‘वजीर’ नावाचा गडी अवतरला, पाठलाग करताना दोन्ही दिशांना वळण्याची मुभा असलेला! माती गेली, मॅट आली; अनवाणी पायांत बूट आले. जुने जाणकार हळहळले. पण 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या मराठी कप्तानांच्या संघांनी दोन्ही चषक उचलले, तेव्हा त्या जाणकारांचेही डोळे पाणावले असतील. तथापि तालुक्याच्या मैदानावर मातीतच धावणाऱ्या मुलीला बूट कोण देणार, मॅट कोण देणार, हा प्रश्न चषकाच्या चकाकीत बुडून जाऊ नये. नियम वर बदलतो आणि त्याची किंमत खाली मोजावी लागते.

आता एका नव्या खेळाकडे येतो. मुलांच्या दप्तरांत हल्ली चकचकीत चित्रांची पाने सापडतात. मधल्या सुट्टीत त्यांची देवघेव चालते, आणि वर्गात ती जप्त करण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे येते. आपल्या बावन्न पानांहून हा प्रकार वेगळा आहे. यात जोड ठरलेला नसतो. प्रत्येकाने बंद पाकिटे विकत घ्यावयाची, नशिबाने निघतील ती पाने जमवावयाची, मित्रांशी बदलावयाची, आणि त्यांतून आपला स्वतःचा जोड रचावयाचा. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 1993 साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा असा पहिला मोठा खेळ जगापुढे आणला. 1996 मध्ये जपानातून ‘पोकेमॉन’ची पाने निघाली. या खेळांच्या जगभर स्पर्धा होतात, आणि मोठी माणसेही त्यांत जीव ओतून खेळतात.

पण या खेळाची खरी गंमत त्याच्या नियमांत आहे. दरवर्षी नवी पाने निघतात, आणि मुख्य स्पर्धेतून जुनी पाने बाद होतात. ‘मॅजिक’मध्ये ही रीत 1995 पासून पडली. ‘पोकेमॉन’च्या पानावर तर कोपऱ्यात एक बारीक अक्षर छापलेले असते, त्या अक्षराची मुदत संपली की ते पान त्या स्पर्धेपुरते मेले. शिवाय एखादे पान फार जबरदस्त ठरले, तर त्यावर सरळ बंदी येते. म्हणजे पोराने वर्षभर खाऊचे पैसे साठवून घेतलेला हुकमाचा एक्का एके दिवशी कागदाचा तुकडा होतो. एका मुलाने मला विचारले, “सर, पान माझे आहे ना? मग ते चालत नाही असे दुसरा कोण ठरवणार?” त्याचा प्रश्न साधा नव्हता. पान त्याचे होते, पण पानाचे बळ त्याचे नव्हते. ते नियमाने उसने दिलेले होते. पैशाच्या नोटेचे काय निराळे असते? 2016 च्या नोव्हेंबरात हे आपण सर्वांनी रांगेत उभे राहून शिकलो.

या बदलाच्या बाजूनेही चांगले बोलता येते. जुनी पाने कायम चालली तर ती जमवून बसलेले दहाजणच दरवर्षी जिंकतील, आणि आज पहिले पाकीट फोडणाऱ्या पोराला त्या पंगतीत पानच मिळणार नाही. साऱ्यांना पुन्हा एका रेषेवर आणणे, हा न्याय आहे. परंतु येथे एक मेख आहे. जो नियम करतो, तोच पाने विकतो! जुने पान बाद झाले की नवे पाकीट खपते. म्हणजे न्यायाधीश आणि दुकानदार एकाच अंगरख्यात बसले. त्याचा निर्णय चूकच असेल असे नाही. कित्येकदा बरोबरही असेल. पण बरोबर निर्णयावरदेखील लोकांचा विश्वास बसत नाही, हे या दुहेरी भूमिकेचे फळ.

मग दुकानदाराला दूर ठेवून खेळाडूंनीच नियम करावेत, हा उपाय सुचेल. तोही करून पाहिला गेला. ‘मॅजिक’चाच ‘कमांडर’ नावाचा, शंभर पानांचा एक प्रकार खेळाडूंनी स्वतः वाढवला, आणि त्याचे नियम एक स्वयंसेवी मंडळ पाहत असे. 2024 च्या सप्टेंबरमध्ये त्या मंडळाने चार पानांवर बंदी घातली. त्यांतली काही अतिशय महाग होती. झाले! ज्यांच्या संग्रहाची किंमत एका रात्रीत उतरली, त्यांच्यातील काहींनी मंडळाच्या सभासदांना धमक्या दिल्या. आठवडाभरात मंडळाने तो कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. ज्यांनी निःस्वार्थ न्यायाधीशाला पळवून लावले, त्यांच्या वाट्याला पुन्हा दुकानदारच आला.

ही गोष्ट ऐकून मला महाभारतातील सभा आठवते. तिथे नियम डाव सुरू होण्याच्या क्षणीच वाकला होता. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी, असे ठरले, तेव्हा एकाने दुसऱ्यासाठी खेळणे बरोबर नव्हे, हे युधिष्ठिराने बोलून दाखवले. आणि बोलून झाल्यावर तो खेळावयास बसला! पुढचे सारे त्या एका बैठकीतून आले. द्रौपदीने विचारले, आधी स्वतःला हरलात की मला? तो नियमाचाच प्रश्न होता. त्या सभेत विद्वान होते, वृद्ध होते. भीष्मांनाही धर्माची गती सूक्ष्म आहे, यापलीकडे बोलता आले नाही. डाव रंगात आल्यावर नियम विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही. नियम विचारावा तो फासे हातात घेण्यापूर्वी.

तरीही काही बदल मध्येच करावे लागतात. आमच्या येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव गच्चीवर असते. हातात आसारी, नजर आभाळात. पेच लागला की माणूस जेवण विसरतो. त्या आभाळात नायलॉनचा मांजा आला. तो तुटेना, म्हणून तो लावणारा जिंकू लागला. पण रस्त्याने जाणाऱ्या दुचाकीस्वाराचा गळा चिरला जाऊ लागला, पाखरे पंख छाटून पडू लागली. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या मांजावर देशभर बंदी घातली. येथे “आम्ही आधीच विकत घेतला आहे” हे म्हणणे टिकत नाही. जो खेळत नाही, त्याचे रक्त सांडू लागले की खेळाडूंची परवानगी मागत बसावयाचे नसते. बंदीनंतरही तो मांजा चोरून विकला जातो, यावरून एवढेच दिसते की, नियम कागदावर बदलणे सोपे आणि हातात बदलणे कठीण.

आणि येवल्यात राहून नियमांविषयी लिहावयाचे, तर आणखी एका दिवसाविषयी मौन धरता येत नाही. तो खेळ नव्हता, म्हणून शब्द जपून वापरतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून 1930 पासून माणसे सत्याग्रह करीत होती. त्यांची मागणी एवढीच होती की, जन्मावरून बाहेर ठेवण्याचा नियम बदला. नियमाचे राखणदार वर्षामागून वर्षे जागचे हलले नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. एकवीस वर्षांनी नागपूरला त्यांनी ते लाखोंच्या साक्षीने खरे केले. नियम बदलल्याने अन्याय होतो, असे आतापर्यंत मी म्हणत आलो. न बदलल्याने त्याहून मोठा अन्याय होतो, हे या गावाने पाहिले आहे. ज्या नियमात आपल्याला कधी डावच यावयाचा नाही, तो पाळण्याचे ऋण कोणावरही नसते.

मग कसोटी कोणती? मला वाटते, नियम हे एकमेकांना दिलेले वचन आहे. वचन बदलता येते, पण ज्यांना दिले त्यांना बोलावून, कारण सांगून, आणि शक्य तर पुढच्या डावापासून. ज्याला बदलातून लाभ आहे, त्याने तो लाभ आधी उघड सांगावा. ज्याची जुनी विद्या वाया जाणार आहे, त्याला नवी शिकावयास अवधी द्यावा, आणि जुन्या विद्येचा मान ठेवावा. जो पटाबाहेर आहे, त्याचा गळा कापला जात असेल, तर मात्र उद्याची वाट पाहू नये.

यंदा पाडव्याला पत्ते वाटण्याआधी घरातल्या सर्वांत लहान मुलाला विचारा, “नियम समजला का?” आणि मावसभाऊ म्हणाला, “आमच्याकडे असे नाही,” तर त्याचेही ऐकून घ्या. कदाचित त्याचा नियम अधिक चांगला असेल. पण पाने हातात पडण्यापूर्वी काय ते ठरवा; आणि एकदा ठरले की आजोबा हरत असले तरी बदलू नका.